गोदा पायऱ्या उतरली तो हिवाळा

यंदा कुहरा लवकर उतरला. आमच्या बनारसच्या मराठीत धुकं हा शब्द पुस्तकापुरताच. घरात सगळे कुहराच म्हणतात. सकाळी नऊपर्यंत पलीकडची वाळू दिसत नाही, नावा आवाजावरून ओळखाव्या लागतात. चौखंब्याच्या गल्लीत मलइयो आला आहे. दुधाचा केशरी फेस, मातीच्या कुल्हडात, जिभेवर ठेवला की नाहीसा होणारा. उन्हं चढली की संपतो, आणि थंडी सरली की वर्षभर दिसत नाही. दर हिवाळ्यात एकदा तरी मी तो कुल्हड हातात धरून घाटावर जाऊन बसते.

परवा गेले तर पायऱ्यांवर एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूटिंग चाललं होतं. हल्ली हिवाळ्यात रोज दोन-तीन जोडपी असतात. मुलगी नऊवारीत होती, पण ती नऊवारी आयती शिवलेली, मागे चेन लावलेली. नवरामुलगा खाली पाण्याजवळ पाठमोरा उभा. फोटोग्राफर वरून ओरडला, "गोदा जैसे भागिए मैडम! गोदा जैसे, रुकना नहीं है!" आणि ती मुलगी दोन्ही हातांनी निऱ्या सावरत, हसत, धापा टाकत खाली धावत सुटली.

मी उठून घरी आले. गोदाला पायऱ्यांवरून पहिल्यांदा पळवलं ते मी.

गोदा ही माझ्या आत्याच्या कादंबरीची नायिका. मालूआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ब्रह्माघाटावर जन्मली, दुर्गाघाटावर राहिली, मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, ती मराठीत, आणि ती पुण्याहून छापून आली तेव्हा मी फ्रॉक घालत होते. पुढे ती कादंबरी महाराष्ट्रातल्या वाचनालयांतून फिरत राहिली. ज्यांनी काशी कधी पाहिली नाही अशा बायका आत्याला पत्रं लिहीत. कोणी काशीयात्रेला आलं की दशाश्वमेधवर आंघोळ उरकून, गल्ल्यांतून विचारत विचारत तिच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन पोचे. "त्या गोदाची खिडकी कुठली हो?" असं विचारत. आत्या स्वयंपाकघराची खिडकी दाखवायची आणि चहा ठेवायची.

कादंबरीतली गोदा पेशवाईतली. वैदिकाची लेक, लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. पुण्याहून घाट बांधण्याच्या कामावर आलेला त्र्यंबक नावाचा तरुण कारकून त्यांच्या घरी उतरतो. दोन हिवाळे दोघं एका छपराखाली असतात. तो तिला मोडी शिकवतो, ती त्याला गंगा समजावून सांगते, आणि त्यापलीकडे काही घडत नाही. पण वाचणाऱ्याला सगळं कळतं. मग त्याला परत बोलावणं येतं. येईन म्हणून जातो तो बारा वर्षांनी येतो. खाली घाटावर उभा राहून निरोप पाठवतो. गोदा तेव्हा वर गल्लीतल्या चार मुलींना अक्षरं शिकवत बसलेली असते. ती खिडकीशी येते. त्याला पाहते, पुष्कळ वेळ पाहते. मग खिडकी ओढून घेते, मुलींकडे वळते आणि म्हणते, "हं, कुठवर आलो होतो आपण?"

तिथे पुस्तक संपतं. पत्रं यायची ती याच शेवटावर. का नाही उतरली? एकदा तरी भेटायचं होतं! एका बाईंनी लिहिलं होतं की मी शेवटचं पान फाडून टाकलंय. आत्या प्रत्येकीला पोस्टकार्ड पाठवायची. मी एकदा तिला विचारलं, "आत्या, खरंच, का नाही उतरली गं ती?"

"तिला शिकवायचं होतं," आत्या म्हणाली. "बारा वर्षं लागली होती त्या चार पोरींना बसवायला. तो उभा राहिला म्हणून काय वर्ग सोडायचा?"

मला त्या वयात हे उत्तर फार कोरडं वाटलं होतं. आता मीच अठ्ठावीस वर्षं वर्गावर उभी राहून झाल्यावर ते तसं वाटत नाही. पण आता वाटून काय उपयोग.

मालिकावाले आले ते एका फाल्गुनात. आमच्याकडे मराठी मालिका मोबाइलवर बघायची सोय झाली तेव्हापासून मी पाहत आले होते, जुन्या गाजलेल्या कादंबऱ्या एकेक करून पडद्यावर येत होत्या. पेशव्यांच्या, सरदारांच्या, चार पिढ्यांच्या घराण्यांच्या. तीनशे पानं तीनशे संध्याकाळींवर पसरायची म्हटल्यावर त्यात सासू यायची, विषाचा पेला यायचा, हरवलेली जुळी बहीण यायची. आत्या ते सगळं मजेत बघायची. तिला त्यांचा राग नव्हता. "पुस्तकात माणूस गप्प बसू शकतो," ती म्हणायची, "टीव्हीवर गप्प बसला की जाहिरात लागते. त्यांनी तरी काय करावं?"

समीर नावाचे दिग्दर्शक मुंबईहून आले. चाळिशीचे, नम्र, जिने चढून दमलेले. त्यांना हिंदी वाहिनीसाठी गोदा करायची होती. आईने त्यांना ही कादंबरी वाचून दाखवली होती म्हणाले, आणि ते खरं असणार, कारण बोलताना त्यांनी कितीतरी वाक्यं जशीच्या तशी म्हटली. आत्याने त्यांना पोहे दिले आणि म्हणाली, "तिला केस द्या, दागिने द्या, हवी तर सासूपण आणा. एक गोष्ट करू नका. तिला खाली उतरवू नका."

"नाही आजी," समीर म्हणाले. "शेवट तर त्या पुस्तकाचा जीव आहे."

माझ्याकडे बघून ते म्हणाले, संवाद लिहायला असं कोणी हवं आहे ज्याची हिंदी बनारसची आहे आणि जे मूळ मराठी वाचू शकतं. आत्या लगेच म्हणाली, "ही आहे ना! आमची नंदा. कॉलेजात हिंदी शिकवते. कथा लिहिते."

कथा लिहिते, हे ती सगळ्यांना सांगायची. माझ्या कथा मासिकांकडून परत येत. दोन छापून आल्या होत्या, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. दिवसभर इंटर कॉलेजच्या मुलींना संधी-समास शिकवायचे, संध्याकाळी वह्या तपासायच्या, महमूरगंजला घरी जाऊन पोळ्या लाटायच्या. नवरा रेल्वेत, त्याच्या पाळ्या. आपलं नाव पडद्यावर, अक्षरं सरकत असताना, एका सेकंदापुरतं का होईना, दिसावं, असं मला वाटलं. फार वाटलं. ते मी इथे लपवत नाही.

करार इंग्रजीत आला. आत्याला इंग्रजी उत्तम येत होतं, पण तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि शस्त्रक्रिया महिन्यावर ठरली होती. मी तिच्या पलंगावर बसून एकेक कलम वाचत, मराठीत सांगत गेले. ती डोळे मिटून ऐकत होती. बाहेर गल्लीत होळीचा रंग खेळून झालेल्या पोरी नळावर ओरडत होत्या. सातव्या-आठव्या कलमात होतं की कथेत, पात्रांत आणि शेवटात निर्मात्याला आवश्यक वाटतील ते बदल करता येतील.

मी वाचलं, "कथेत आवश्यक ते किरकोळ बदल करता येतील."

"आणखी काही?"

"नाही. पुढे तारीख आणि जागा."

तिने माझ्या बोटावर बोट ठेवून सहीची जागा चाचपली आणि सही केली.

मी हे कितीदा तरी मनाशी उलगडून पाहिलं आहे. मी ठरवून खोटं बोलले का? त्या क्षणी मला असं वाटलं होतं की ते नुसते वकिली शब्द आहेत, समीरांनी तोंडी कबूल केलंच आहे, उगाच म्हातारीच्या जिवाला घोर नको. हे सगळं मला एका श्वासात वाटलं, आणि इतकं सगळं एका श्वासात वाटत असेल तर ते आधीपासून तयार असलं पाहिजे. एक महिना थांबले असते तर तिने स्वतः वाचलं असतं. समीर थांबायला तयार नव्हते असंही नाही. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

मालिका उन्हाळ्यात सुरू झाली. संध्याकाळी सातला, आरतीची घंटा चालू असतानाच. आत्याच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, नवा चष्मा लागला होता, आणि तिच्याकडे शेजारच्या बायका जमायच्या. पहिल्याच भागात गोदाची कमरेपर्यंत आलेली वेणी पाहून आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. "केस वाढले पोरीचे! वपन केलेल्या बाईला केस आले, काशीचा महिमा!" त्र्यंबकाला एक दुष्ट काका मिळाला, गोदाला एक मत्सरी भावजय. आत्या म्हणायची, "ही भावजय बरी आहे हं. मला सुचायला हवी होती." आणि श्रेयनामावलीत माझं नाव आलं की खोलीतल्या सगळ्यांना गप्प करायची. "थांबा, थांबा. संवाद, बघा. आमच्या नंदाचं नाव." रोज. सहा महिने रोज.

मग तो हिवाळा आला. शेवटच्या भागांचं शूटिंग काशीत करायचं ठरलं होतं, कारण समीरांना खरा कुहरा हवा होता. मार्गशीर्षात एके दुपारी हॉटेलच्या गच्चीवर त्यांनी मला बसवलं.

"नंदाताई, शेवट बदलायला लागणार."

मी म्हटलं, "तुम्ही आत्याला शब्द दिलाय."

"दिलाय. मनापासून दिला होता." ते खरोखर अवघडले होते. "पण तुम्हीच सांगा. सहा महिने लोक रोज वाट बघतायत, ही दोघं भेटतील म्हणून. घरोघरी बायका स्वयंपाक आटपून बसतायत. त्यांच्या तोंडावर खिडकी बंद करू? पुस्तक वाचणारी बाई एकटी असते, ती सोसते. इथे अख्खं घर बसलेलं असतं."

"लग्न?"

"लग्न नाही. फक्त उतरू दे तिला. एकदा. बाकी तुम्ही लिहा, तुमच्यासारखं कोण लिहिणार?"

मी नाही म्हणू शकले असते. काम सोडू शकले असते. समीरांनी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं असतं आणि आज मी आत्याच्या बाजूने उभी असते. मी घरी आले, दार लावलं आणि एका बैठकीत तो प्रसंग लिहिला. लिहिताना रडले. ते रडू खोटं नव्हतं. लहानपणापासून मला ती उतरायला हवी होती, आणि आता ती माझ्या हातून उतरत होती. इतकं सरळ, इतकं न अडता मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

आत्याच्या खिडकीखाली हा प्रसंग होऊ नये एवढी काळजी मी घेतली. दुर्गाघाटाच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, नटी घसरेल, असं सांगून मी शूटिंग पलीकडे रामनगरच्या बाजूला न्यायला लावलं. आत्याला सांगितलं, नावेतले काही तुकडे आहेत. संक्रांत जवळ आली होती. तिने तिळाच्या वड्या केल्या, डब्यात भरून माझ्या हाती दिल्या. "त्या पोरीला दे. या थंडीत बिचारीला पाण्यात उभी करतात. आणि सांग, चेहरा चांगला आहे तिचा, गोदा असाच चेहरा करून बसायची."

तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. कुहरा इतका दाट की पायऱ्या मधूनच सुरू झाल्यासारख्या वाटत. दोन माणसं पोत्यांनी शेवाळ घासत होती. नटी बावीस-तेवीसची, दातांवर दात आपटत, शालीत गुंडाळलेली; हाक आली की शाल फेकायची आणि धावत सुटायची. अकरा वेळा धावली. प्रत्येक वेळी खाली पाण्यात उभ्या त्र्यंबकाचे हात धरून तिने मी लिहिलेलं म्हटलं. मधल्या वेळात मी डबा उघडला. तिने वडी खाल्ली, डोळे मिटले, म्हणाली, "किसने बनाया है? मम्मी जैसा स्वाद है।" मी सांगितलं, ज्यांनी गोदा लिहिली त्यांनी. ती उठून उभी राहिली. "मुझे मिलना है उनसे।" मी म्हटलं, त्यांची तब्येत बरी नसते. हे आणखी एक.

तो भाग लागला त्या संध्याकाळी मी न जाण्याचं कारण शोधत होते. पण आत्याने दोनदा फोन केला. शेवटचा आठवडा आहे, तू हवीसच. खोली बायकांनी भरलेली. समोरची मुन्नी भाभी मटार सोलायला घेऊन आली होती. माझ्यासाठी आत्याने आपल्याजवळ पलंगावर जागा धरून ठेवली होती.

पडद्यावर निरोप आला. गोदा खिडकीशी आली. आत्याने माझा हात धरला. तिला वाटलं आता खिडकी बंद होणार. गोदा वळली, मुलींना काही न सांगता दाराबाहेर पडली, आणि संगीत सुरू झालं. वेणी उडत होती, पदर उडत होता, कुहऱ्यातून पायऱ्या संपतच नव्हत्या. बायका रडत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. माझ्या हातावरचा हात कधी निघाला ते मला कळलं, पण मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मुन्नी भाभीने येऊन तिला मिठी मारली. "अम्मा, रुला दिया आपने। क्या लिखा है!"

आत्या म्हणाली, "मैंने नहीं। इन्होंने लिखा है।"

इन्होंने. शेजाऱ्यांशी ती हिंदीतच बोलायची, म्हणून मला आधी काही वाटलं नाही. बायका गेल्या. मी भांडी आवरायला उठले. मागून आवाज आला, "बैठिए। वह कागज़ निकालिए।"

आमच्या घराण्यात मोठ्यांपैकी कोणी कोणाशी हिंदी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. बाहेरच्या जगाची ती भाषा. मी शिकवते ती भाषा. नवी पोरं आपसात बोलतात, पण आत्यासमोर आली की तीही अडखळत का होईना मराठीवर येतात. मी कपाटातून करार काढून दिला. तिने नव्या चष्म्यातून, बोट फिरवत, पहिल्यापासून वाचला. त्या कलमावर बोट थांबलं.

"यह आपने मुझे पढ़कर सुनाया था?"

"हो, आत्या."

"नहीं। यह नहीं सुनाया था।"

मी म्हटलं, "आत्या, मला वाटलं…" ती मला खोटारडी म्हणाली नाही, ओरडली नाही, रडली नाही. कागदाची घडी करून माझ्या हाती परत दिली. "संभलकर जाइए। कुहरा है।"

त्या दिवसापासून ती माझ्याशी मराठीत बोलली नाही.

मी जातच राहिले. दर रविवारी, कधी मधल्या वारीही. "आइए, बैठिए। चाय लेंगी?" बोलण्यात राग नसे, टोमणा नसे. पाहुण्यांशी बोलावं तसं ती नीट बोले. मी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. तेवढ्यात माझा नवरा आला तर त्याच्याशी लगेच मराठी. "या हो जावईबापू, हात गार पडलेत तुमचे." पहिल्या महिन्यात मी तिचे पाय धरले. तिने मला उठवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "उठिए, उठिए, फ़र्श ठंडा है।" त्या हातात माया होती. म्हणूनच ते सोसणं कठीण होतं.

महाराष्ट्रातून फोन आणि पत्रं येत होती. ताई, शेवटी भेटवलंतच! आता आम्ही सुखाने मरू! ती पोस्टकार्डं लिहायची, प्रत्येकावर दोनच शब्द: भेटले नाहीत. आणि खाली सही. पत्ते घालून ती पेटीत टाकायचं काम माझं. एकेका कार्डावरचे ते दोन मराठी शब्द मी वाचायची आणि पेटीत सोडायची.

पुढच्या हिवाळ्यात एके दिवशी ती म्हणाली, "आपकी हिंदी अच्छी है। पूरी किताब कीजिए हिंदी में। जैसी है, वैसी।"

मी त्याच आठवड्यात सुरुवात केली. दोन हिवाळे लागले. कॉलेज सुटलं की मी दुर्गाघाटला जायची. छतावर ऊन असे, माकडांसाठी एक काठी जवळ, खाली शाल अंथरलेली. आत्या मूळ पुस्तक उघडून एक परिच्छेद मोठ्याने वाचायची, मी त्याचं हिंदी वाचून दाखवायची. तिचं मराठी मला आता एवढंच ऐकायला मिळे, चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेलं, छापलेलं. वाचताना तिचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा आणि मी मुद्दाम म्हणायची, आत्या, हे पुन्हा वाच ना, नीट कळलं नाही. ती वाचायची. मग चष्म्यावरून बघत म्हणायची, "अब बताइए, क्या लिखा?"

तिला ते माझं नाटक कळत होतं की नाही, मला माहीत नाही. कधी कधी एकच परिच्छेद ती आपणहून दोनदा वाचायची.

शेवटच्या ओळीला आम्ही तीन दिवस अडलो. गोदाचं ते मुलींकडे वळून विचारणं. मी केलेलं प्रत्येक वाक्य तिला नाटकी वाटे. "आप फिर उसे भगा रही हैं," ती एकदा म्हणाली, आणि त्या सगळ्या काळात त्या प्रसंगाचा एवढाच उल्लेख तिने केला. शेवटी तिनेच सांगितलं, "लिखिए, हाँ, तो कहाँ तक आए थे? बस।" मी लिहिलं. तिने वहीवर हात ठेवला. ऊन भिंतीवर चढलं होतं. खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मला वाटलं आता ती काही बोलेल. ती म्हणाली, "चलिए, नीचे चलते हैं। ठंड हो रही है।"

त्याच माघात तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात दिवसाची नर्स गाजीपूरकडची होती, गरीब स्वभावाची. तापात आत्या मराठीत बोलू लागली. नर्सशी. तिला आपली शाळेतली मैत्रीण समजून की कोण समजून, पण भरभरून. ब्रह्माघाटावरच्या आईच्या हळदीकुंकवाचं, एका हरवलेल्या कर्णफुलाचं, आमटीत गूळ कमी पडल्याचं. नर्स बावरून माझ्याकडे बघायची. "दीदी, क्या कह रही हैं?" आणि मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून तिला एकेक वाक्य हिंदीत सांगायची. मध्येच आत्याची नजर माझ्यावर यायची, आणि तेवढ्या तापातही भाषा बदलायची. "आप कब आईं? कुर्सी लीजिए।"

चौथ्या दिवशी ती नर्सला म्हणाली, "आमची नंदा चांगलं लिहिते हो. घाई फार करते." नर्सने विचारलं, दीदी, क्या बोलीं? मी म्हटलं, पानी माँग रही हैं. ते तिला नीट सांगायला हवं होतं.

ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. अग्नी तिच्या एका भाच्याने दिला. हरिश्चंद्र घाटावरून परतताना नवरा मला म्हणाला, "काही बोलली का गं शेवटी तुझ्याशी?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, त्याने विचारलं नाही.

हिंदी पुस्तक गावातल्याच एका लहान छापखान्यातून आलं. जाड कागद, साधं कव्हर, आतल्या पानावर तिचं नाव मोठं आणि माझं लहान. थोड्या प्रती विकल्या गेल्या, थोड्या वाटल्या, बाकीच्या घरात आहेत. ती मालिका मात्र कुठे ना कुठे चालूच असते. मोबाइलवर तिचे तुकडे फिरतात, तो पायऱ्यांचा तर सगळ्यांत जास्त. आता मूळ पुस्तक वाचणाऱ्यालाही आधी ती धावणारी गोदा दिसते आणि मग बंद होणारी खिडकी. मग ती खिडकी उगाच बंद केल्यासारखी वाटते. एका म्हाताऱ्या बाईने साधं, खरं काही सांगितलं होतं, ते मी असं करून ठेवलं की ते खोटं वाटावं. याला काय म्हणतात मला माहीत नाही. चोरी म्हणावं तर पुस्तक जागच्या जागी आहे.

दोन प्रती मी आमच्या कॉलेजच्या वाचनालयात ठेवल्या होत्या. मागच्या आठवड्यात, अर्धवार्षिक परीक्षा संपल्यावर, बारावीतली नाझिया स्टाफरूमच्या दाराशी आली. हुशार मुलगी, निबंध चांगले लिहिते. हातात ते पुस्तक.

"मैडम, इस कॉपी में आख़िर के पन्ने छूट गए हैं।"

मी पुस्तक घेतलं, उघडलं. शेवटचं पान होतं. ओळ होती. मागचं कोरं पानही होतं.

"नहीं बेटा, पूरा है।"

"पर इसमें तो वो नीचे उतरी ही नहीं। सीरियल में उतरती है। मैंने और अम्मी ने साथ में देखा था, अम्मी कितना रोई थीं।"

स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. मी तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. आत्याबद्दल, खिडकीबद्दल, त्या चार मुलींबद्दल ज्यांना बसवायला बारा वर्षं लागली होती. कराराबद्दलही सांगितलं; नवऱ्याखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं ते. म्हटलं, किताब यहीं ख़त्म होती है. तुम लोगों ने जो देखा, वह मैंने लिखा था, उनसे बिना पूछे. वह ग़लत था.

ती लक्ष देऊन ऐकत होती. माझं बोलून झालं तेव्हा तिने पुस्तक पुन्हा उघडून शेवटचं पान एकदा वाचलं, हळूहळू, ओठ हलवत. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दया होती, आणि मला बरं वाटावं अशी मनापासूनची इच्छा.

"पर मैडम," ती म्हणाली, "आपने तो बहुत अच्छा लिखा था।"

मला दोन्ही भाषांत काही सुचेना. मी तिला थँक्यू म्हटलं.